कळंबोलीचा मालधक्का : प्राणवायूच्या पहिल्या गाडीचे ठाणे

गावाच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास असतो, वाचनालयाचा असतो, देवस्थानाचा आणि पतपेढीचा असतो. मालधक्क्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. मालधक्क्याला संस्थापकाची तसबीर नसते, वर्धापनदिनी तिथे रांगोळी पडत नाही. वाघिणी येतात, रिकाम्या होतात, निघून जातात. धूळ तेवढी मागे उरते.

तरीही पनवेलच्या आरोग्यसेवेची हकीकत सांगताना कळंबोलीच्या मालधक्क्याला वेगळे प्रकरण द्यावे, असे आम्हांला वाटले. १९ एप्रिल २०२१ रोजी रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी सात रिकामे टँकर पाठीवर घेऊन एक गाडी या धक्क्यावरून विशाखापट्टणमकडे निघाली. देशातली ती पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस. रुग्णाच्या नाकाला लावलेल्या नळीचे एक टोक खाटेपाशी असते. दुसरे टोक कुठे असते, याचा विचार आपण कधी केलेला नसतो. त्या रात्री ते आपल्या धक्क्यावर होते. त्या टोकाची ही नोंद.

पूर्वपीठिका : चढउताराचे गाव

पनवेल हे मुळात माल चढवण्या-उतरवण्याचे गाव. मुंबईहून निघालेल्या होड्या भरतीच्या पाण्याबरोबर पनवेलच्या खाडीत शिरत. बंदरावर माणसे आणि माल उतरे आणि पुढचा प्रवास बैलगाड्यांनी, घोड्यांवरून, पालख्यांतून बोरघाटाच्या दिशेने होई. १८३० साली बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला आणि पुण्याकडे जाणाऱ्यांची पनवेलला आणखी गर्दी होऊ लागली. १८५२ साली इथे नगरपालिका आली, त्यामागे ही वर्दळ असावी. ज्या गावात रोज परक्या माणसांचा आणि जनावरांचा मुक्काम पडतो, त्या गावाला पाणी, रस्ते आणि स्वच्छता यांची व्यवस्था इतरांच्या आधी लावावी लागते.

पुढे १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली, पण ती कल्याण-कर्जत मार्गे. पनवेल बाजूला पडले. होड्या कमी झाल्या, बंदर गाळाने भरत गेले. रेल्वेचे रूळ पनवेलपर्यंत यायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. १९६०च्या दशकात दिवा-पनवेल मार्ग सुरू झाला आणि तळोजे, नावडे, कळंबोली या खाडीकाठच्या भातशेतीच्या गावांजवळून गाड्या धावू लागल्या.

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईच्या गजबजाटातून लोखंड-पोलादाचा बाजार बाहेर काढून कळंबोलीला आणायचे ठरले. १९८९ साली न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे मुंबईकडचे तोंडही कळंबोलीतच उघडले. बंदर, महामार्ग, लोहमार्ग आणि पोलाद बाजार इतक्या जवळ आल्यावर मधे धक्का हवाच होता. पोलादाची गुंडाळी, पत्रे, सळ्या वाघिणीतून उतरायच्या आणि ट्रकवर चढायच्या. होड्यांच्या काळातले गावाचे जुने काम नव्या जागी पुन्हा सुरू झाले.

या कामाच्या मुळाशी माणसाची पाठ आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला, तो अशाच ओझे वाहणाऱ्या माणसांना हक्काची मजुरी मिळावी म्हणून. पोलाद बाजारात आणि धक्क्यांवर क्रेन आल्या तरी साखळी अडकवायला, पाचर ठोकायला, ‘येऊ दे, येऊ दे, बस’ म्हणून हात दाखवायला माणूस लागतोच. हा हात या इतिहासात शेवटपर्यंत दिसेल.

कोकणाने शिकवलेली युक्ती

आणखी एक दुवा रायगड जिल्ह्यातलाच आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातले वेर्णा या मार्गावर रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक उतारावरून थेट सपाट वाघिणीवर चढवायचा, चाकांना पाचरी लावून साखळ्यांनी बांधायचा आणि गाडीबरोबर पुढे न्यायचा. मुक्कामाला पोचला की ट्रक स्वतःच्या चाकांवर खाली उतरतो. माल दोनदा हाताळावा लागत नाही, घाटवळणांचा रस्ता टळतो, डिझेल वाचते. महामार्गावर पावसाळ्यात दरड कोसळली की कोकणातल्या ट्रकचालकांना या सेवेचे मोल कळे. बावीस वर्षांनी हीच युक्ती प्राणवायूसाठी वापरायची वेळ येणार होती.

एका श्वासाचा हिशेब

धक्क्यावर त्या दिवसांत काय घडले ते समजण्यासाठी आधी श्वासाचा हिशेब मांडला पाहिजे.

निरोगी मोठा माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा श्वास घेतो. दिवसाचे होतात २१,६००. आपल्याकडच्या अजपाजपाच्या, म्हणजे श्वासालाच जप मानण्याच्या, परंपरेने सांगितलेला आकडाही हाच. दर श्वासाला अर्धा लिटर हवा आत जाते. या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि धडधाकट फुप्फुसाला तेवढा पुरतो. न्यूमोनियाने फुप्फुसांतले वायुकोश पाण्याने आणि पेशींच्या गाळाने भरले की हवा आत जाते, पण रक्तापर्यंत पोचत नाही. मग रुग्णाला हवेतल्यापेक्षा दाट प्राणवायू द्यावा लागतो.

तो किती लागतो? नाकातल्या बारीक नळीने मिनिटाला दोन ते पाच लिटर, मुखवट्याने दहा-पंधरा लिटर, जोराच्या प्रवाहाच्या यंत्राला साठ लिटरपर्यंत. रुग्णालयात ज्याला ‘जम्बो’ म्हणतात त्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो पावणेबारा तास पुरतो. म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोन जम्बो. पन्नास रुग्णांच्या कक्षाला दिवसाला शंभर. ते गाडीतून उतरवायचे, बुडाच्या कडेवर तिरके करून लोळवत न्यायचे, रिकामे झालेले परत पाठवायचे. हे काम रात्री दोनलाही थांबत नाही.

म्हणून मोठी रुग्णालये प्राणवायू द्रवरूपात साठवतात. उणे १८३ अंश सेल्सियसला प्राणवायूचे फिकट निळे पाणी होते. या पाण्याचा एक लिटर तापला की त्याचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. एवढ्या थंड पदार्थाला दुहेरी भिंतीचा, मधली हवा काढून घेतलेला टँकर लागतो. अशा टँकरला क्रायोजेनिक टँकर म्हणतात. सुमारे पंधरा टनांचा एक टँकर मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या साडेसातशेहून अधिक रुग्णांना एक दिवस पुरतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिलमध्ये, प्राणवायूइतकीच टंचाई या टँकरांची होती.

इथे पोलादाचा धागा पुन्हा जुळतो. द्रवरूप प्राणवायूचे सर्वांत मोठे कारखाने पोलाद प्रकल्पांच्या आवारात असतात, कारण भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडातला कार्बन जाळायला शुद्ध प्राणवायू फुंकावा लागतो. कळंबोलीच्या बाजारात येणारी पोलादाची गुंडाळी आणि रुग्णाच्या नळीतला वायू यांचे मूळ अनेकदा एकाच आवारात असते. आपल्या जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याने त्या काळात राज्यातल्या रुग्णालयांना प्राणवायू पुरवला. राज्यात उद्योगांकडे जाणारा साठाही रुग्णालयांकडे वळवला गेला. तरी तो पुरेना. देशाचे मोठे पोलाद प्रकल्प पूर्वेला : विशाखापट्टणम, राउरकेला, बोकारो, जमशेदपूर. रुग्ण पश्चिमेला. मधे हजार-दोन हजार किलोमीटरचा रस्ता.

पहिले वर्ष : २०२०

पनवेलमध्ये कोविडच्या साथीची चाहूल लवकर लागली. २०२०च्या एप्रिलच्या आरंभीच मुंबई विमानतळावर बंदोबस्ताला असलेल्या आणि पनवेल परिसरात राहणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अकरा जवानांना लागण झाल्याचे उघड झाले. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवण्यात आले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आलेल्या पनवेल महानगरपालिकेला तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. रायगड जिल्ह्यातल्या या पहिल्या महापालिकेची आरोग्ययंत्रणा अजून बाळसे धरत होती आणि तिच्या हद्दीत तळोज्याचे कारखाने, खारघर-कामोठ्याच्या इमारती, जुन्या पनवेलचे दाट मोहल्ले आणि आसपासची गावे असे सगळेच होते.

त्या वर्षात घरोघरी एक नवे यंत्र आले. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ऑक्सिमीटर. रक्तातला प्राणवायू सुई न टोचता, प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याचे हे तत्त्व जपानी अभियंते तकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. १८ एप्रिल २०२० रोजी, त्यांच्या यंत्राची जगाला सर्वाधिक गरज असताना, ते वारले. ‘लेव्हल किती?’ हा प्रश्न तेव्हा ‘जेवलात का?’ या प्रश्नाच्या जागी आला. ९५च्या वर असेल तर सुटकेचा निःश्वास. सहा मिनिटे चालून पुन्हा मोजायचे. ९४च्या खाली आला की फोनाफोनी. रुग्णाला पालथे झोपवले तर पाठीकडच्या फुप्फुसाला मोकळीक मिळते आणि आकडा वर येतो, हेही लोक शिकले. कुटुंबांनी घरातल्या माणसाचा श्वास रात्र रात्र जागून मोजला.

माल ठेवण्यासाठी बांधलेल्या जागाही रुग्णांसाठी उघडल्या गेल्या. पुढे कळंबोलीतच भारतीय कपास महामंडळाच्या गोदामात सिडकोने कोविड केंद्र उभे केले. गोदामाचे रुग्णालय होणे आणि मालधक्क्यावरून प्राणवायूची गाडी सुटणे या एकाच वस्तीतल्या घटना आहेत.

चार दिवसांची तयारी

एप्रिल २०२१च्या मध्याला महाराष्ट्राने रेल्वेला विचारले : द्रवरूप प्राणवायूचे टँकर रुळांवरून नेता येतील का? मध्य प्रदेशानेही हीच विचारणा केली होती. टँकर रस्त्याने गेला तर तीन दिवस जातात, चालकाला विश्रांती घ्यावी लागते. गाडी रात्रंदिवस चालते. विमानाने रिकामे टँकर नेता येतात आणि पुढे हवाई दलाने ते नेलेही. भरलेला टँकर मात्र जमिनीवरूनच आणणे भाग होते.

१५ एप्रिलला एक सपाट वाघीण कळंबोलीच्या धक्क्यावर आणण्यात आली. प्राणवायूने भरलेला एक टँकरही आणला गेला. रेल्वेच्या आणि उद्योगाच्या प्रतिनिधींनी मिळून मापे घेतली. वाघिणीची उंची १,२९० मिलिमीटर. टी-१६१८ प्रकारच्या टँकरची उंची ३,३२० मिलिमीटर. बेरीज ४,६१० मिलिमीटर, म्हणजे साडेचार मीटरांहून थोडी जास्त. वर पंचवीस हजार व्होल्टची तार, वाटेत रस्त्यांचे पूल, बोगदे, फलाटांची छपरे. इतर प्रकारचे टँकर या मापात बसत नव्हते; हा बसला.

१७ एप्रिलला रेल्वे मंडळाचे अधिकारी, राज्यांचे परिवहन आयुक्त आणि उद्योगांचे प्रतिनिधी यांची बैठक झाली. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी टँकर जमवायचे, ते कळंबोली किंवा बोईसरहून पाठवायचे, असे ठरले. कळंबोलीत टँकर वाघिणीवर चढवण्यासाठी उतार नव्हता. तो चोवीस तासांत बांधण्यात आला.

आमच्या मते कळंबोलीच्या इतिहासातले सर्वांत मोठे बांधकाम हाच उतार आहे. ना त्याचे भूमिपूजन झाले, ना उद्घाटन. कोणी भराव घातला, कोणी दाबला, कोणी रात्री दिवे धरले, त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

मार्गाचाही विचार झाला. कळंबोलीहून पूर्वेकडे जायचे तर जवळचा रस्ता घाटातून वर चढतो, पण तिथले बोगदे आणि वळणे या उंचीला मानवणारी नव्हती. म्हणून गाडी आधी उत्तरेला वसईकडे काढायची, तिथून सुरत, मग भुसावळ, नागपूर, रायपूर असा वळसा घालून पुढे न्यायची असे ठरले. अंतर वाढले, १,८५० किलोमीटरांच्या वर गेले. पण वाट निर्धोक झाली. रोज गाड्या हाकणाऱ्यांना मार्गावरचा प्रत्येक पूल, प्रत्येक छप्पर माहीत असते. हे ज्ञान मिलिमीटरमध्ये तपासून पाहण्याची ती वेळ होती.

१९ ते २४ एप्रिल

सोमवार, १९ एप्रिल. सात रिकामे टँकर एकामागून एक नव्या उतारावरून वाघिणींवर चढले. चाकांना पाचरी लागल्या, साखळ्या आवळल्या गेल्या. रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी गाडी सुटली.

सुमारे ५० तासांत ती विशाखापट्टणमला पोचली. ती अजून पूर्वेकडे धावत असताना, २१ एप्रिलला, नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली. पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी होती, नळ्या होत्या, खाटांवर रुग्ण होते. मधला एक सांधा निसटला. ज्यांनी आपली माणसे तिथे गमावली, त्यांच्या दुःखापुढे कुठल्याही गाडीच्या वेगाचे कौतुक फिके आहे. या इतिहासात त्या दिवसाची नोंद ठेवलीच पाहिजे, कारण प्राणवायूची वाट किती नाजूक असते हे त्या दिवसाने दाखवले.

विशाखापट्टणमच्या पोलाद प्रकल्पात दहा तासांत सातही टँकर भरले गेले. शंभर टनांहून अधिक प्राणवायू. वायूत मोजला तर साडेसात कोटी लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजारांहून अधिक जम्बो सिलिंडर. परतीचा प्रवास अधिक जपून करायचा होता. भरलेल्या टँकरात आतले द्रव हिंदकळते, थोडे थोडे उकळत राहते, दाब वाढतो. लोको पायलटने गाडी एकदम वेगात घ्यायची नाही, एकदम ब्रेक लावायचा नाही. वाटेत थांबून दाब पाहायचा. तेल, ग्रीस किंवा ठिणगी जवळ येऊ द्यायची नाही, कारण शुद्ध प्राणवायूत साधी गोष्टही भडकून पेटते.

२१ तासांत गाडी नागपूरला आली. २३ एप्रिलला तिथे तीन टँकर उतरले, विदर्भासाठी. उरलेले चार पुढे निघाले आणि बारा तासांत, २४ एप्रिलच्या सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी, नाशिकला पोचले. जिथे तीन दिवसांपूर्वी आकांत झाला होता, त्याच शहरात.

हापाहून आलेली गाडी

कळंबोलीने पहिली गाडी पाठवली, पण त्या गाडीने भरून आणलेला एकही टँकर कळंबोलीला उतरला नाही. आपल्या भागासाठीचा प्राणवायू आला तो गुजरातमधल्या जामनगरजवळच्या हापाहून. २५ एप्रिलच्या संध्याकाळी ती गाडी निघाली, सुमारे ८६० किलोमीटर धावली आणि २६ एप्रिलला दुपारच्या आत कळंबोलीच्या धक्क्यावर लागली. तीन टँकर, सुमारे ४४ टन. ज्या उतारावरून आठवड्यापूर्वी रिकामे टँकर वर चढले होते, त्याच उतारावरून भरलेले टँकर खाली आले. मिनिटाला दहा लिटरच्या हिशेबाने सुमारे सव्वादोन हजार रुग्णांचा एक दिवस त्या तीन टँकरांत भरलेला होता.

पुढच्या महिन्यांत देशभर ऑक्सिजन एक्सप्रेस धावल्या. दिल्ली, उत्तर प्रदेश, हरियाणा आणि दक्षिणेतली राज्ये यांच्यासह सगळ्यांना मिळून ३५ हजार टनांहून अधिक प्राणवायू रुळांवरून गेला. महाराष्ट्राच्या वाट्याला आला ६१४ टन. आकड्यात पाहिले तर महाराष्ट्राचा वाटा लहान आहे. पण मापे घेणे, उतार बांधणे, वसईचा वळसा आखणे हे पहिल्यांदा कळंबोलीत झाले आणि पुढच्या गाड्यांना त्याचा उपयोग झाला.

धक्क्यापासून खाटेपर्यंत

टँकर धक्क्यावरून उतरला म्हणजे प्राणवायू पोचला असे नाही. तो टाकीत रिकामा करायचा; बाष्पीभवन यंत्राच्या पंखेदार नळ्यांतून द्रवाचा वायू होतो, त्या नळ्यांवर बर्फाचा थर साचतो, तो पाहायचा. वायूचा दाब कमी करून भिंतीतल्या नळीत सोडायचा. खाटेच्या डोक्याशी प्रवाहमापकातली छोटी गोळी वर-खाली होते. ती हव्या त्या रेघेवर आणायची. कोरडा वायू नाक-घसा सुकवतो म्हणून तो पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत न्यायचा. ते पाणी शुद्ध हवे आणि वेळेवर बदलायला हवे. मुखवट्याची रबरी पट्टी कानामागे रुतते, तिथे कापूस ठेवायचा. तोंड कोरडे पडले की चमच्याने पाणी द्यायचे. आणि ज्याला धाप लागली आहे त्याच्या शेजारी बसून ‘हळू घ्या श्वास, मी इथेच आहे’ म्हणायचे. संरक्षक पोशाखात घामाने चिंब होऊन हे शेवटचे काम परिचारिकांनी, वॉर्डबॉयनी, मावश्यांनी केले. श्वास कोंडलेल्या माणसाला प्राणवायूइतकीच गरज असते ती भीती कमी करणाऱ्या आवाजाची.

साथ ओसरली, तरी दम लागणारे रुग्ण आहेतच. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आज्या, खडी आणि दगडाच्या धुळीत राबलेले कामगार, विडी-सिगारेटने फुप्फुसे झिजवलेले आजोबा, क्षयातून बरे झाले पण फुप्फुसावर व्रण राहिलेले लोक, दम्याची मुले. यांतल्या काहींना घरी दिवसाला पंधरा तासांहून अधिक प्राणवायू लावावा लागतो. १९८०च्या सुमारास परदेशांत झालेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले की असा दीर्घकाळ दिलेला प्राणवायू योग्य रुग्णांचे आयुष्य वाढवतो. घरातले कॉन्सन्ट्रेटर यंत्र खोलीतल्याच हवेतला नायट्रोजन गाळून प्राणवायू दाट करते. ते विजेवर चालते, म्हणून दिवे गेले की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

अशा घरांसाठी तीन गोष्टी या पानावर नोंदवून ठेवतो. पहिले, प्राणवायू हे औषध आहे, त्याची मात्रा डॉक्टरांनी ठरवायची असते. जुनाट दम्यासारख्या सीओपीडीच्या रुग्णाची लेव्हल बहुधा ८८ ते ९२च्या दरम्यान ठेवतात, त्याला जास्त प्राणवायू दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. दुसरे, नळी लावलेल्या माणसाच्या खोलीत निरांजन, समई, उदबत्ती, विडी काही पेटवू नये. देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा दुसरीकडे लावावा. तिसरे, यंत्राची जाळी दर आठवड्याला धुवावी आणि पर्यायी सिलिंडर भरलेला ठेवावा.

पुढचे पान

२०२१च्या मे महिन्यात राज्याने ‘मिशन ऑक्सिजन स्वावलंबन’ जाहीर केले. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे पीएसए प्रकल्प जागोजागीच्या रुग्णालयांच्या आवारात उभे राहिले. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने तर पहिली लाट ओसरताना, सप्टेंबर २०२०मध्येच, असा प्रकल्प सुरू केला होता आणि दुसऱ्या लाटेत त्याचे फळ पाहिले. यातला धडा साधा आहे. गरज संपल्यावर बांधलेली गोष्ट पुढच्या गरजेला उपयोगी पडते, पण ती चालू ठेवली तरच. प्रकल्पाचा कॉम्प्रेसर महिनोन्महिने बंद राहिला, गाळणीतले जिओलाइट ओलावा धरून बसले, चालवणारा तंत्रज्ञ बदलून गेला, तर कुंपणाआडचे ते यंत्र ऐन वेळी कामाला येत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने पनवेलकरांपुढे एक मागणे ठेवतो. दरवर्षी १९ एप्रिलला आपल्या शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात प्राणवायूची वाट तपासली जावी. टाकी, नळी, सांधा, झडप, प्रकल्प, जनरेटर, सिलिंडरचा साठा, आणि हे सारे हाताळणाऱ्या माणसांचे प्रशिक्षण. गावात जत्रेआधी जसा रथाचा कणा आणि दोर तपासतात, तसे. नाशिकच्या त्या रुग्णांची आठवण ठेवण्याची याहून उपयोगी रीत आम्हांला सुचत नाही.

ऋणनिर्देश

संस्थेच्या इतिहासात शेवटी आभार असतात. इथे नावे देता येत नाहीत, कारण ती कोणी लिहून ठेवली नाहीत. कामे तेवढी सांगता येतात. चोवीस तासांत उतार बांधणारे गँगमन आणि मजूर. टँकर जमवणारे परिवहन कर्मचारी. टँकर उतारावरून इंच-इंच मागे-पुढे घेणारे चालक आणि त्यांना हात दाखवणारे. साखळ्या आवळणारे. सांधे बदलणारे पॉइंट्समन. वसईपासून विशाखापट्टणमपर्यंत एकमेकांच्या हाती गाडी सोपवत गेलेले लोको पायलट आणि गार्ड. टँकर भरताना हातमोज्यांतही बोटे गारठलेले कारखान्यातले कामगार. सिलिंडर लोळवणारे, गोळी रेघेवर आणणारे, रात्रभर उशाशी बसणारे.

धक्क्यावर आज पुन्हा माल येतो, उतरतो, ट्रकवर चढतो. मालधक्क्यात तसबीर लावायला भिंत नाही. या सर्वांसाठी हे पान आहे.